दहा आणि वर एक : ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

शाळेच्या स्मरणिकेत बहुधा मोठ्या परीक्षांचे, पदव्यांचे आणि सत्कारांचे स्मरण केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु निकालपत्रात ज्याचे नाव अग्रभागी झळकते, तो प्रत्येक विद्यार्थी कधीतरी, चार-पाच वर्षांचा असताना, दहा वस्तू मोजून झाल्यावर अकराव्या वस्तूपाशी थबकलेला असतो. हाताची बोटे संपलेली असतात आणि वस्तू मात्र उरलेली असते. तो क्षण कोणाच्या आठवणीत राहत नाही. तरीही त्या क्षणी शेजारी कोण बसले होते, त्याने धीर दिला की धपाटा दिला, यावर त्या मुलाचे पुढचे गणित आणि पुष्कळदा पुढचे शिक्षणही अवलंबून असते. ज्या स्त्रीने आपले अर्धे शतक बालकाच्या या पहिल्या पावलांसाठी वेचले, त्या पद्मभूषण ताराबाई मोडक यांच्या जीवनाचा अल्प परिचय माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर ठेवावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाच्या विचारांचे होते. आई उमाबाई यांचा सदाशिवरावांशी झालेला विवाह हा पुनर्विवाह होता. विधवेने पुन्हा संसार मांडणे हे ज्या काळी पाप समजले जाई, त्या काळातील हे घर होते. अशा घरातील मुलीला शाळेत घालावे की नाही, हा प्रश्न उद्भवला नाही. तथापि सुधारकांच्या मुलांना समाजाकडून जे टक्केटोणपे खावे लागत, तेही ताराबाईंच्या वाट्याला आलेच असणार. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. मुलींनी मराठी शाळेच्या चार इयत्ता पूर्ण केल्या तरी कौतुक होण्याचा तो काळ होता.

पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार सुखाचा झाला नाही. काही वर्षांतच त्या विभक्त झाल्या आणि लहान मुलीसह स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले. मानाची जागा, चांगले वेतन, राहण्याची सोय असे सर्व तेथे होते. परंतु एकट्याने वाढवावयाच्या मुलीकडे पाहता पाहता त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. शाळेत जाण्यापूर्वीच्या वर्षांत मूल काय शिकते, कसे शिकते, आणि त्या वर्षांची जबाबदारी कोणाची? त्या काळी या प्रश्नाला शिक्षणखात्याच्या दप्तरात स्थान नव्हते. सहा वर्षांखालील मूल हे आईच्या पदराला धरून फिरायचे, एवढाच समज होता.

या प्रश्नाचे उत्तर त्यांना भावनगरला सापडले. तेथे गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. १९२३ साली ताराबाई राजकोटचे पद सोडून गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. प्राचार्यांनी बालमंदिरात येऊन चिमुकल्यांबरोबर जमिनीवर बसावे, हे त्यांच्या परिचितांना नवलाचे वाटले असल्यास आश्चर्य नाही. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिका या मासिकातून मुलांना मारू नका, भीती घालू नका, घोकंपट्टी करवू नका, हा विचार गुजराती आणि पुढे मराठी घरांत पोहोचू लागला.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी ज्या पद्धतीचा आधार घेतला, ती इटलीतील डॉ. मारिया मॉंटेसरी यांची. या पद्धतीविषयी आपल्याकडे एक गैरसमज रूढ आहे. मॉंटेसरी म्हटले की महागडी खेळणी, रंगीत खुर्च्या आणि सधन वस्तीतील शाळा डोळ्यांसमोर येते. वस्तुतः डॉ. मॉंटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर आणि गल्ल्यांत हिंडणाऱ्या मुलांसाठी ते होते. म्हणजे ही पद्धत श्रमिकांच्या वस्तीत जन्मली आणि मग श्रीमंतांच्या घरी नांदावयास गेली. तिला पुन्हा तिच्या माहेरी आणण्याचे काम आपल्या देशात ज्यांनी केले, त्यांत ताराबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

या पद्धतीत गणिताचा आरंभ तोंडाने होत नाही, हाताने होतो, आणि येथेच तिचे मर्म आहे. आपल्या घरोघरी मूल तीन वर्षांचे झाले की पाहुण्यांसमोर त्याच्याकडून एक ते वीस म्हणवून घेतात. मूल न चुकता म्हणते आणि सर्वांना धन्य वाटते. पण त्याच मुलापुढे बारा चिंचोके ठेवून मोजावयास सांगितले, तर कधी एकच चिंचोका दोनदा मोजला जातो, कधी एक सुटून जातो. अंक म्हणणे निराळे आणि मोजणे निराळे. म्हणण्याला केवळ पाठांतर पुरते. मोजण्यासाठी मात्र एका वस्तूला एकच अंक द्यावा लागतो, क्रम सोडून चालत नाही, आणि शेवटी उच्चारलेला अंक हा त्या संपूर्ण ढिगाचा आहे हे उमगावे लागते.

दहापर्यंत हे सारे जमले तरी खरी परीक्षा पुढेच असते. अकरा ते एकोणीस हा गणिताच्या वाटेवरील पहिला घाट आहे, आणि मराठी बोलणाऱ्या मुलासाठी तो अधिकच अवघड आहे. एक ते दहा या नावांशी अकरा, बारा यांचे नाते मुलाच्या कानाला लागत नाही. एकादश, द्वादश, त्रयोदश हे जुने शब्द झिजून अकरा, बारा, तेरा झाले; मोठ्यांना ते ठाऊक असेल, पाच वर्षांच्या मुलाला नाही. तेरा या शब्दात तीनाचा अंश आधी ऐकू येतो आणि दहाचा नंतर. लिहिताना मात्र दहाचा एक आधी येतो आणि तीन नंतर. म्हणून कित्येक मुले तेरा ऐकून ३१ लिहितात आणि चौदा ऐकून ४१. मास्तर त्याला चूक म्हणतात. मूल मात्र कानाने जे ऐकले तेच हाताने प्रामाणिकपणे लिहीत असते. सर्वांत कठीण एकोणीस. एक उणे वीस असे ते नाव. मुलाची वीसशी अजून भेटही झालेली नसते, आणि नाव मात्र त्या न भेटलेल्या वीसवरून पडलेले; शिवाय लिहिताना येणारा नऊ त्या नावात कोठेच नाही. इतक्या वाकड्या वाटेवर जे मूल अडखळते, त्याला मंद म्हणणे हा केवढा अन्याय आहे!

हा घाट ओलांडण्यासाठी मॉंटेसरी पद्धतीत एक साधी योजना आहे. लाकडी फळीवर एकाखाली एक १० हा आकडा लिहिलेला असतो. एक ते नऊ हे अंक वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात. तीनची पट्टी घेऊन मूल ती दहाच्या शून्यावर सरकवते आणि १३ दिसू लागतात. त्याच वेळी शेजारी दहा मण्यांची एक सलग कांडी आणि तीन मण्यांची दुसरी कांडी मांडायची. डोळ्यांना आकडा दिसतो, बोटांना मणी लागतात आणि कानावर तेरा हे नाव पडते. पट्टी काढली की खालचे शून्य पुन्हा दिसते. तेरामध्ये संपूर्ण दहा दडलेले आहेत, हे कोणी व्याख्यान न देता मुलाच्या ध्यानी येते. फ्रान्समधील एदुआर सेगँ या वैद्याने मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांना शिकवण्यासाठी जे साहित्य तयार केले, त्यापासून डॉ. मॉंटेसरी यांनी प्रेरणा घेतली, म्हणून या फळ्यांना सेगँचेच नाव आहे. जगाने ज्यांना टाकून दिले होते, त्या मुलांमुळे सर्व मुलांना गणिताची वाट मिळाली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. त्याच दादरमध्ये बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे राजगृह उभे होते आणि तेथे ग्रंथांच्या सहवासात रात्रंदिवस अध्ययन चालू होते. शिशुविहारात बालकांचे वर्ग होते, तसेच बालशिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिरही होते. संस्थेला नावलौकिक मिळाला. दादरच्या मध्यमवर्गीय पालकांना बालशिक्षणाचे महत्त्व पटू लागले. दुसरी एखादी व्यक्ती असती, तर एवढ्या यशावर समाधान मानून उर्वरित आयुष्य सत्कार स्वीकारण्यात घालवती.

परंतु ज्यांच्या मुलांना याची सर्वांत अधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत आपण पोहोचलोच नाही, ही खंत ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात, त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबत होत्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० सालचा. बालपणी विवाह आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य. शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या होत्या. १९४५ साली बोरिवली येथील शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या एका भेटीने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. एक पुनर्विवाहित मातेची कन्या आणि दुसरी बालविधवा. समाजाने ज्या स्त्रियांना घराच्या कोपऱ्यात बसविले असते, त्यांनी गावातील प्रत्येक कोपऱ्यातील मूल हुडकून काढण्याचे ठरविले.

तो प्रदेश कसा होता, हे जाणल्याशिवाय या कार्याचे मोल कळणार नाही. डहाणू आणि उंबरगावच्या परिसरात वारली शेतमजूर जमीनदार-सावकारांच्या वेठीस बांधलेले होते. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायकोने आयुष्यभर सावकाराच्या घरी राबायचे, अशी लग्नगड्यांची पद्धत तेथे होती. कर्ज किती घेतले, किती फिटले आणि किती उरले, हे सारे सावकाराच्या वहीत. अंगठा उठवणाऱ्याला त्या वहीतील तेरा आणि एकतीस सारखेच. १९४५ सालीच गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला. ताराबाईंचा मार्ग वेगळा होता. त्या मोर्चा घेऊन गेल्या नाहीत. पण ज्या भूमीत हिशेब न येण्याची शिक्षा पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामगिरी होती, त्या भूमीत त्या मुलांच्या हाती मोजदाद देत होत्या. अशा ठिकाणी अंकज्ञान हा केवळ शाळेचा विषय राहत नाही.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गावकुसाबाहेरील वस्तीतील मुले येईनात. कोणाला धाकट्या भावंडाला सांभाळायचे असे, कोणाच्या अंगावर धड कपडा नसे, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभे केले, त्यांची पावले नव्या दारापाशीही अडत. यावर मुलांना किंवा पालकांना दोष देणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताई यांनी दोष शाळेला दिला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. वस्तीतील मोकळ्या अंगणात, झाडाच्या सावलीत, मुलांच्या सोयीच्या वेळी बालवाडी भरू लागली. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. या अंगणातील बालवाडीतूनच अंगणवाडी ही कल्पना रुजली.

अंगणात मॉंटेसरीचे लाकडी साहित्य आणि मण्यांच्या कांड्या कोठून येणार? तेव्हा परिसरच साहित्य झाला. समुद्राचे शिंपले, ओढ्यातील खडे, चिंचोके, बिया, काटक्या, पाने, माती. चिंचोके रांगेत मांडा. दहा काटक्यांची जुडी बांधा आणि वर एक सुटी काटकी ठेवा, की अकरा डोळ्यांपुढे उभे राहतात. जुडीवर तीन सुट्या, तर तेरा. नऊ सुट्या ठेवल्या की एकोणीस. आणखी एक आली की त्या दहांचीही जुडी बांधता येते, आणि मग एक उणे वीस म्हणजे काय, ते सांगावे लागत नाही. रोमच्या मण्यांच्या कांडीत जे तत्त्व आहे, तेच काटक्यांच्या जुडीत आहे. विलायती साहित्याचा खर्च गेला, तत्त्व तेवढे राहिले. सरपण गोळा करणाऱ्या आईच्या मुलाला मोळी म्हणजे काय, हे सधन घरच्या मुलापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते, आणि ज्या शाळेत त्याचे हे ज्ञान कामी येते, तेथे तो परका राहत नाही.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि वारली पाड्यांमध्ये कार्य विस्तारले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागल्या, कारण थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन आली, तरच तिला शिकता येणार होते. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणावर गेली. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे अनुताईंनी कोसबाडचा भार १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, वाहिला. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी याच नावाने ओळखले जाते.

ज्या १९४५ साली बोर्डीचे केंद्र निघाले, त्याच वर्षी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ही दोन कार्ये परस्परांपासून स्वतंत्र होती. एकाने वंचितांच्या मुलांसाठी महाविद्यालयाची दारे उघडली, दुसऱ्याने त्यांच्या अंगणात पहिला चिंचोका ठेवला. पण या दोहोंमधील वाट मुलालाच चालायची असते, आणि ती तुटते ती पुष्कळदा आरंभीच. पहिली-दुसरीत जुडी आणि सुटे यांचा उलगडा न झालेले मूल पुढे हातच्यात अडते, मग भागाकारात, मग गणिताच्या तासाला पोटात दुखू लागते. आठवी-नववीत शाळा सोडणाऱ्या कित्येकांची शाळा मनातून त्याआधीच, अकराव्या चिंचोक्यापाशी सुटलेली असते.

आपल्या देवनारला ही गोष्ट लागू आहे. येथील कित्येक घरांत भंगार निवडले जाते, भाजीची गाडी लावली जाते, घरकामाचे महिन्याचे पैसे मोजून घेतले जातात. या घरांतील मुले बाटलीची झाकणे, पत्र्याचे तुकडे, सुटे पैसे लहानपणापासून हाताळतात. दहाच्या नाण्यावर तीन रुपये ठेवले की तेरा होतात, हे त्यांच्यातील कित्येकांना पाटी हाती येण्यापूर्वीच कळते. तीच मुले शाळेत १३ ऐवजी ३१ लिहितात आणि नापास ठरतात. हाताला जे येते ते पाटीवर का उतरत नाही, हा प्रश्न मुलाला विचारण्याचा नाही. तो शिकवणाऱ्याने स्वतःला विचारावयाचा आहे. ताराबाईंनी तो स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर शोधीत दादरहून बोर्डीला आणि बोर्डीहून कोसबाडला गेल्या.

पालकांना म्हणून एकच विनंती आहे. आपल्या मुलाकडून पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत म्हणवून घेण्याची घाई करू नये. संध्याकाळी काम आटोपल्यावर वाटीभर चिंचोके किंवा मूठभर झाकणे घेऊन त्याच्यासमोर बसावे. दहांचा एक ढीग करावा, उरलेले शेजारी ठेवावे आणि त्याला मोजू द्यावे. तो चुकला तरी हात उगारू नये. त्याचे त्याला पुन्हा मोजू द्यावे. याला पैसा लागत नाही, पदवी लागत नाही. आपल्यातील ज्या माता कधी शाळेत गेल्या नाहीत, त्यांनाही हे साधते. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज शिक्षक, अधिकारी किंवा व्यावसायिक आहेत, त्यांनी आठवड्यातून एक तास वस्तीतील अंगणवाडीत जाऊन बसावे. शाळेच्या इमारतीसाठी दिलेल्या देणगीइतकेच त्या एका तासाचे मोल आहे.

ताराबाईंच्या स्मारकासाठी पुतळ्याची आवश्यकता नाही. एखादे मूल अकराव्या वस्तूपाशी थबकावे, शेजारच्या मोठ्या माणसाने धीर धरावा, आणि थोड्या वेळाने त्या मुलाने आपल्या हाताने दहांची जुडी एका बाजूला सारून उरलेली एक वर ठेवावी. देवनारच्या वस्तीत हे जितक्या वेळा घडेल, तितक्या वेळा त्यांचे स्मरण झाले असे समजावे.